ग्लासगोची शिट्टी

१

सत्यनारायणाचे पाहुणे गेले, सतरंज्यांच्या घड्या झाल्या, आणि त्या ठेवायला म्हणून प्रबोधनं बॉम्ब शेल्टरचं दार उघडलं, तर आत त्याचे वडील. दिवा चालू होता. अंग अजून कोमट होतं, पण जीव नव्हता.

सिंगापुरात पुंगोलच्या नव्या सरकारी इमारतींत प्रत्येक फ्लॅटमध्ये अशी एक खोली असते. जाड काँक्रीटच्या भिंती, पोलादी दार, खिडकीचं नाव नाही. युद्ध पेटलं तर लपायला म्हणून सरकारनं ती बांधलेली. युद्ध काही पेटत नाही, तेव्हा लोक तिथे तांदळाची पोती आणि बिघडलेले पंखे ठेवतात. प्रबोधच्या वडिलांनी, रवींद्रांनी, तिथे आपला संग्रह मांडला होता: शंभर वर्षांपूर्वीचे चामडी फुटबॉल, खेळाडूंच्या लोकरी टोप्या, तळव्याला पट्ट्या ठोकलेले बूट. बायको गेल्यापासून दिवसाचे कितीतरी तास ते त्या खोलीत असत.

डॉक्टर म्हणाले, हार्ट अॅटॅक. पोलीस आले, चार प्रश्न विचारून गेले. म्हातारा माणूस, आधी एक झटका येऊन गेलेला, त्यात सुमात्रातली जंगलं जळत असल्यानं २००६ च्या त्या ऑक्टोबरात सगळ्या सिंगापुरात धूर कोंडलेला. संशय यावा असं काही नव्हतंच. फक्त डॉक्टर निघता निघता हळहळले, "वेळेत कुणी पाहिलं असतं तर..."

ते वाक्य घरात तसंच लोंबकळत राहिलं, कारण दार बाहेरून बंद होतं. खटका खाली ओढलेला. आणि ते दार दिवसातून दहादा कोण लावतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांच्या क्षिप्राची बोटं त्यात चिरडतील या धास्तीनं सून अनुया जाता-येता ते लोटायची. हात आपोआप पुढे व्हायचा आणि लावल्याचं तिला आठवायचंही नाही.

चौथ्या दिवशी तिनं नीलिमाला फोन केला. रडून रडून आवाज बसला होता.

"मावशी, सासऱ्यांना मी मारलं का, एवढं मला शोधून द्या."

२

नीलिमा हार्बरफ्रंटच्या एका कचेरीत जहाजांवरच्या मालाचे विम्याचे दावे तपासते. कुठे साखर भिजली, कुठे यंत्र गंजलं, कुणाच्या चुकीनं, हे शोधण्यात तिची वीस वर्षं गेली. हे काम तिला रवींद्रांनीच शिकवलं. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले होते, "माल कधी भिजला ते जहाज सांगेल. तू एवढंच शोध, की भिजलाय हे कुणाला कधी कळलं. सगळी लबाडी त्या दोन्हींच्या मधे असते." ती त्यांना सर म्हणायची, आणि पौर्णिमेच्या त्या सत्यनारायणाला ती स्वतः हजर होती. सर भिंतीपलीकडे असताना आपण शिऱ्याचं कौतुक करत होतो, हे तिला चार दिवस खात होतं.

ती पोचली तेव्हा हॉलमध्ये चटईवर सरांचे धाकटे भाऊ शिरीष बसले होते. दाढी वाढलेली, अंगावर धूतवस्त्र. राहायला बुकित तिमाहला, बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त, पण सोवळ्याओवळ्यात असे कडक की त्यांच्यासमोर इथले भटजीसुद्धा जपून बोलतात. दादाचे दिवस म्हणून ते रोज येऊन बसत होते. प्रबोध आतल्या खोलीत होता आणि बाहेर आला नाही.

"चार दिवस तो माझ्या नजरेला नजर देत नाही," अनुया म्हणाली. "ओरडला असता तरी चाललं असतं."

"त्या दिवशी तू पूजेवरून उठलीस कधी?"

"चौथ्या अध्यायात. क्षिप्राला बाथरूमला न्यायचं होतं. तिला कडेवर घेऊन गेले, आणि आले. बाबा त्याच्या जरा आधीच हॉलमधून उठून गेले होते. दार मी लावलं असणार. मावशी, मी लावतेच."

"असणार, की लावलंस?"

"आठवतच नाही ना! सोन्यासारखा माणूस आत तडफडत होता आणि मला साधं आठवत नाही."

नीलिमानं तिला रडू दिलं आणि उठून पॅसेज बघितला. बाथरूमच्या बटणावर पिवळा ठसा होता. नळावर होता. पॅसेजच्या भिंतीवर, मुलीला सावरताना टेकलेली चार बोटं स्पष्ट उमटली होती. चौरंगासमोर बसलेल्या यजमानणीच्या हाताला हळद, कुंकू, पंचामृत सगळंच चिकटलेलं असतं. घरात त्या दिवसापासून कुणी फडक्याला हात लावला नव्हता, त्यामुळे अनुया कुठे कुठे गेली होती ते घरच सांगत होतं.

शेल्टरचं दार पांढरंशुभ्र होतं. तो खटका कोपरानं हलत नाही, मुठीत धरून खाली ओढावा लागतो. त्यावर पिवळा ठिपकासुद्धा नव्हता.

तिला सुटल्यासारखं वाटलं, पण क्षणभरच. अनुयानं सवयीनं, न बघता दार लोटलं असतं. पण बाकी कुणाला ती सवय नव्हती. आत दिवा चालू होता. ज्यानं दार लावलं, त्यानं आत बघितलं होतं.

३

पहिला संशय ज्याच्यावर यावा तो माणूस तिच्या कचेरीच्या खालीच कॉफी पीत बसला होता. शैलेंद्र. सरांचा मित्र, आणि त्यांच्यासारखाच जुन्या फुटबॉलचा वेडा. सर ऐन उमेदीत काही वर्षं ग्लासगोच्या गोदीत होते म्हणून स्कॉटलंडचे, हा लंडनला शिकला म्हणून इंग्लंडचा. जन्म दोघांचेही दादरचे. यावरून दोघं हमरीतुमरीवर यायचे. आणि त्या दिवशी शैलेंद्र प्रसाद न घेताच निघून गेला होता.

"भांडण झालं होतं," त्यानं स्वतःहून सांगितलं. "त्याच्या शिट्टीवरून. १९०२ची स्कॉटलंड-इंग्लंड मॅच माहितेय तुम्हाला?"

"सरांकडून ऐकलंय थोडं."

"ग्लासगोला होती. तोबा गर्दी. लाकडी स्टँडचा मागचा भाग कोसळला आणि माणसं फळ्यांमधून थेट खाली. पंचवीस गेली, जखमींना तर गणतीच नाही. मॅच थांबली. आणि थोड्या वेळानं, नीलिमाताई, पुन्हा सुरू झाली. लोक बिथरतील, चेंगराचेंगरी होईल म्हणून. निम्म्या मैदानाला पत्ताच नव्हता की स्टँडखाली मुडदे पडलेत. शेवटपर्यंत खेळले. नंतर ती मॅच रद्दच धरली, पण खेळले."

"आणि शिट्टी?"

"त्या दिवशी मैदानावर वाजलेली म्हणून रवीनं ग्लासगोत एका म्हातारीकडून घेतली होती. पुरावा शून्य. मी म्हटलं, बाबा रे, अशा शिट्ट्या पोतंभर मिळतात. तो भडकला. आणतो, बघ, म्हणाला आणि तरातरा गेला. पोथी चालू होती म्हणून मी गप्प बसलो. तो येईचना. पाचवा अध्याय संपत आला तेव्हा मी पाणी प्यायला आत गेलो. शेल्टरचं दार अर्धवट उघडं होतं, दिवा दिसत होता. मला वाटलं, रुसून बसलाय. मीही अडून बसलो, डोकावलो नाही. तसाच चपला घालून निघालो." त्यानं कप दोन्ही हातांनी धरला. "दोन पावलं पुढे गेलो असतो तर..."

तो खरं बोलत असेल, तर अनुया चौथ्या अध्यायात उठून केव्हाच परत बसली होती आणि दार त्यानंतरही उघडं होतं. हळदीचे ठसे त्याच्या बाजूनं साक्ष देत होते. राहिला तो पाचवा अध्याय संपल्यापासून पुढचा वेळ. तेव्हा तर सगळे उठून उभे होते आणि घरभर फिरत होते.

"तुमच्यामागून कुणी आत गेलं?"

"माझी पाठ होती," शैलेंद्र म्हणाला.

४

दुसऱ्या दिवशी पुंगोलच्या स्टेशनवर तिला गार्गी भेटली. शिरीषरावांची मुलगी, इथेच वाढलेली, बोलणंही इथल्याच वळणाचं. वडिलांसाठी फळं घेऊन निघाली होती. त्या पौर्णिमेला तिला बघायला पुण्याहून मुकुलच्या घरची मंडळी आली होती आणि प्रसादानंतर त्याच घरात बोलणी पक्की झाली होती. सर सापडले तेव्हा शिरीषराव त्यांना विमानतळावर सोडायला गेले होते.

"आता ते म्हणतात एक वर्ष थांबू," गार्गी म्हणाली. "थांबू म्हणजे नो, आँटी. आय नो लाह."

"बाबा खचलेत ना खूप?"

"पपा त्या दिवशीपासूनच विचित्र वागतायत. म्हणजे पूजेतच. मला तीर्थ घेऊ दिलं नाही. म्हणाले, तुला सर्दी आहे, कलशाला हात लावू नकोस. आय डोन्ट इव्हन हॅव अ कोल्ड! मुकुलची आई बघत होती, सो एम्बॅरसिंग."

नीलिमानं मान डोलावली आणि तेवढ्यावर सोडून दिलं. प्रबोधच्या घरी गेल्यावर अनुयाला बसवून तिनं स्वतः चहा केला. एक कप शिरीषरावांपुढे धरला.

"तिथे ठेवा, नीलिमाताई. मी उचलतो."

सुतकातल्या माणसाच्या हातात कुणी काही देत नाही, खाली ठेवायचं आणि त्यानं उचलायचं. तिनं कप जमिनीवर ठेवला, आणि वाकलेली ती तशीच थांबली. हे शब्द तिनं आधी ऐकले होते. याच आवाजात, याच घरात. ती शिऱ्याचा द्रोण घेऊन दारापाशी गेली होती आणि शिरीषराव उंबऱ्याबाहेर उभे होते. तेव्हाही ते म्हणाले होते, तिथे ठेवा, मी उचलतो. द्रोण चपलांच्या कपाटावर तसाच राहिला होता. सत्यनारायणाचा प्रसाद नाकारल्यानं काय काय होतं ते पाच अध्याय खणखणीत आवाजात वाचून दाखवलेल्या माणसानं प्रसाद नाकारला होता. आणि आरतीला, जिथे दरवर्षी त्यांच्याशिवाय कुणाचा आवाज लागत नाही, तिथे ते घसा बसला म्हणून दूर उभे होते.

सुतक मरणानं लागत नाही. कळल्यानं लागतं. प्रबोध आणि अनुया सख्खे असून पूजेला बसले, प्रसाद वाटला, कारण त्यांना कळलं नव्हतं. शिरीषरावांनी स्वतः सुतक धरलं, आणि लग्नाच्या उंबरठ्यावरच्या मुलीला पाप लागू नये म्हणून तिलाही धरायला लावलं. तेही आरतीच्या आधी.

सरांचा प्रश्न तिच्या कानात वाजला. कुणाला कधी कळलं?

५

ती उठून थेट प्रबोधच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"प्रबोध, दार अनुयानं लावलं नाही. माझ्याकडे पुरावा आहे. आता तू काय लपवतोयस ते सांग."

तो उठला. मग कपाटातून मोजा काढला, मोज्यातून एक काळपट पितळी शिट्टी.

"बाबा जमिनीवर पडलेले सापडले असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे, मावशी. ते दाराला टेकून बसले होते. दार उघडल्यावर माझ्या पायांवर पडले. ही त्यांच्या ओठांत होती. अनुया क्षिप्राला झोपवत होती. ती यायच्या आत मी काढून घेतली आणि त्यांना सरळ झोपवलं." त्यानं शिट्टी तिच्या हातात ठेवली. "ते शिट्टी वाजवत होते. आणि दार अनुयानं लावलंय असंच मला वाटत होतं. तिच्याकडे बघितलं की तोंडून निघून जाईल, म्हणून बघत नव्हतो."

नीलिमानं ती शिट्टी ऐकली होती. प्रसाद वाटताना एक बारीक, लांब आवाज आला होता आणि तिनंच विचारलं होतं, कुकर लावलाय का? शिरा वाढता वाढता अनुया हसून म्हणाली होती, आमचा नाही हो मावशी, शेजारी कुणी राहायला आलं असेल. जेवण तर बाहेरून आलं होतं. आणि शेजारचा फ्लॅट अजून रिकामाच होता, हे नीलिमाला आज लिफ्टपाशी कुलूप बघून कळलं होतं.

"हे अनुयाला कळता कामा नये," प्रबोध म्हणाला.

६

बुकित तिमाहच्या त्या प्रशस्त घरात शिरीषरावांनी दुपारभर काही नाकारलं नाही. नीलिमानं सुतकाचं सगळं सांगितलं, तसे ते उलट हलके झाल्यासारखे वाटले.

"दादाला आरतीला बोलवायला गेलो. आत पडला होता. हाक मारली, नाकाशी हात धरला. श्वास नव्हता. गेला होता हो तो." त्यांनी पंच्याच्या टोकानं डोळे पुसले. "बाहेर मुकुलची माणसं बसलेली. संध्याकाळचं त्यांचं विमान. मी ओरडलो असतो तर घरात रडारड, मग गार्गीची बोलणी कसली? हे तिसरं स्थळ, नीलिमाताई. आणि संकल्प सोडलेली पूजा अर्धी टाकायची नसते. गेलेला परत येणार नव्हता. अर्धा तास, एवढंच मनात होतं. कुणी विचारलं तर आडवा झालाय म्हणालो. मग विमानतळावरून परत येताना धीरच झाला नाही सांगायचा."

"आणि अनुयावर आळ आला, तेव्हा?"

ते पंच्याची घडी घालत राहिले. नीलिमाला त्यांचा भयंकर संताप आला, आणि त्याच वेळी कीवही. दोन्ही तिनं आवरलं.

"तुम्ही त्यांना कसं ठेवून आलात?"

"सरळ केलं. दोन्ही हात छातीवर ठेवले."

"हातात काही होतं?"

"रिकामे होते. ती शिट्टीची पेटी खालच्या फळीवर होती, बंद."

नीलिमानं पर्स उघडली. शिट्टी त्यांच्यापुढे धरली.

"तिथे ठे..." ते सवयीनं म्हणाले आणि थांबले.

"नाही. ही हातात घ्या. ही सरांच्या ओठांत सापडली, दाराशी. ते सरपटत पेटीपर्यंत गेले, तिथून दारापर्यंत आले. आतून खटका ओढण्याइतकं बळ उरलं नव्हतं. तुम्ही उंबऱ्याबाहेर उभे होतात आणि मी तुमच्यासमोर द्रोण धरला होता, तेव्हा ही वाजली."

त्यांचे ओठ हलले. "तो कुकर..."

"घरात कुकर लावलेलाच नव्हता. तुम्ही जिवंत माणसाचं सुतक धरलंत, शिरीषराव."

त्यांनी शिट्टी हातात घेतली. ती धरून हा एवढा ताठ माणूस पोरासारखा हमसून रडला, आणि आतल्या खोलीतून गार्गी बाहेर आली तेव्हा त्यांना तिच्याकडे बघवेना. बऱ्याच वेळानं त्यांनी शिट्टी परत केली.

"अनुयाला मी सांगतो," ते म्हणाले. "माझ्या तोंडानं."

७

त्यांनी सांगितलं. हॉलमध्ये, चटईवर, सगळ्यांसमोर, काही न लपवता. दार मी लावलं, दादा पडलेला पाहून लावलं, गार्गीच्या सोयरिकीसाठी लावलं. तुझा काडीचा संबंध नाही, पोरी. असं म्हणून त्यांनी सुनेपुढे डोकं टेकलं. प्रबोधनं अनुयाचा हात धरला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि तिचा बांध फुटला. क्षिप्रा दोघांच्या मधे जाऊन बसली.

नीलिमाला वाटलं, झालं. दावा निकाली निघाला.

अनुयानं डोळे पुसले.

"काका, पण ते नक्की गेलेले होते ना? तुम्ही नीट बघितलंत ना? कारण त्यांनी हाक मारली असती, काही आवाज केला असता, तर मी तिथेच होते. मला ऐकू आलं असतं. मी गेले असते."

प्रबोधनं मान खाली घातली. शिरीषराव नीलिमाकडे बघत होते, परवानगी मागितल्यासारखं.

नीलिमानं आयुष्यात एकाही दाव्यावर खोटी सही केली नव्हती. सरांनीच तशी शिस्त लावली होती. तिच्या डोळ्यांपुढे उगाचच ते शंभर वर्षांपूर्वीचं मैदान आलं, आणि त्यावरचा कुणीतरी अनोळखी माणूस, ज्यानं सगळं पाहून ठरवलं असेल की बाकीच्यांना कळायला नको, खेळ चालू राहू दे. आजवर तिला त्या माणसाची चीड यायची.

"लगेच गेले गं ते," ती म्हणाली. "मी डॉक्टरांना विचारलं. आवाज करायलासुद्धा वेळ मिळाला नसणार."

अनुयानं मोठा श्वास सोडला. शिरीषरावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आता हे त्यांना एकट्यानं वाहायचं होतं, मरेपर्यंत, आणि थोडंफार नीलिमालाही.

"चहा टाकते सगळ्यांना," अनुया म्हणाली आणि उठली. पॅसेजमधून जाताना तिचा हात सवयीनं शेल्टरच्या दाराकडे गेला, अर्ध्यावर थांबला, आणि तिनं दार उघडंच ठेवलं.

नीलिमानं पर्स मांडीवर घट्ट धरली. शिट्टी आतच होती.